केंद्र क्रमांक तीन, आमचं धाबं

तात्याबाची वस्ती, ता. कवठे महांकाळ
३ जुलै

मल्हार,

आक्काचा आशीर्वाद. आशीर्वाद द्यावा असं तू काय केलेलं न्हाईस, पर कागदाची सुरुवात शिवीनं करू ने म्हणून लिहिला. मागच्या बुधवारी तू फोन आदळलास. तवापासून पाच येळा लावला, पाची येळा ती बाईच बोलती. शेवटी त्या बाईलाच दोन ऐकवल्या. तशी फोनवर मला नीट बोलता येतंय कुठं, आधी तोंडातनं नको तेच बाहेर पडतंय. म्हणून कागद. सातवीपर्यंत शिकले ती कशाला? गुरुजी म्हणायचे, रंगू, बोलतीस तसं लिहू नको. मी तसंच लिहिणार.

तर ऐक. डोंगरामागच्या खडीवाल्याला आणखी चार क्रशर बसवायचेत आन आख्खा माळ उकरायचाय. त्याचा जाडजूड अहवाल पंचायतीत आलाय. त्यावर हवा मोजणारा म्हणून तुझी सही हाय. समीक्षानं मोबाईलवर पानांचे फोटो काढून आणले आन दुपारभर मला वाचून दाखवले. बारावीतली पोरगी, मामाचं नाव आलं की आधी खुशीत वाचत हुती. मग हळूहळू तिचा आवाज बारीक झाला.

पान एकसष्ट. ‘केंद्र क्रमांक तीन, श्री. तात्याबा यांचे घर. हवेतील धुळीचे प्रमाण मर्यादेच्या निम्म्याहून कमी.’ आरं, आमच्या घरापासनं क्रशर दिसतोय! समीक्षा म्हणती, आई, ह्या कागदाप्रमाणं साताऱ्यापेक्षा आपली हवा चांगली. म्हणजे आता साताऱ्याच्या लोकांनी हवा खायला आमच्याकडं यायचं का? ज्याच्या नावानं हे घर लिवलंय तो आपला बाप, आबा, भिंतीला टेकून बसल्याबिगर चार शब्द बोलू शकत न्हाई. त्याला सांगू का, की तुजा दम कागदावर बसत न्हाई?

आन पुढचं पान. ‘प्रकल्प क्षेत्रात चराईचा वापर आढळला नाही. पक्ष्यांची घरटी आढळली नाहीत.’ फाल्गुनात आलास तू, मल्हार. फाल्गुनात माळावर काय आढळंल? तुझं दाजी मेंढरं घेऊन पलूसकडं उसाच्या रानात बसलेलं. चंडोल पावसाळ्यात भुईवर घरटं घालतोय हे तुला कुणी दावलं? अंड्यावर मेंढरू पाय दील म्हणून तू लहानपणी आरडत पुढं पळायचास. ते सगळं साताऱ्यात विसरलास, का कुणी विसर म्हणलं?

किती आकडे खोटे लिहिलेस आन कुणाच्या सांगण्यावरनं, तेवढं कळव. २९ जुलैला माळावर मांडव घालून जनसुनावणी हाय. तिथं साहेब लोक गावाचं म्हणणं लिहून घेणार, आन तेच्यावर क्रशरची परवानगी ठरणार. तू ये आन तुझ्या तोंडानं सांग, आकडा चुकलाय, परत मोजा. न्हाई आलास तर मी उठणार आन सांगणार, माझा भाऊ खोटारडा हाय.

आबाला तुझ्या सहीचं अजून सांगितलेलं न्हाई.

रंगू आक्का

९ जुलै

मल्हार,

सहा दिवस झाले. स्पीड पोस्टानं पाठवलेलं साताऱ्याला दोन दिवसात पोचतंय असं पोस्टमन छातीवर हात ठेवून सांगतोय. म्हणजे तू वाचून गप हाईस. बरं.

आबाला सोमवारी मिरजेला न्हेलं. डॉक्टर चांगला हाय, पर सरळ बोलला. फुप्फुसावर धूळ बसलीय, औषधानं निघत न्हाई, जागा बदला. आबानं विचारलं, कुठली जागा? डॉक्टर म्हणला, सांगलीत कुणी पावणं हाय का? येताना यष्टीत आबा खिडकीतनं बघत हुता. सांगलीच्या बाहेर जिथं रान हुतं तिथं सगळे प्लॉटच प्लॉट, खुणंचे दगड पुरलेले, आन रस्त्याकडंला खडीचे ढीग. मला म्हणला, रंगू, ही आपलीच खडी गं. हिच्यापास्नं पळून आपुन हिच्याकडंच ऱ्हायाला यायचं व्हय?

खरंच हाय त्याचं. सकाळी सातपास्नं डंपर चालू हुत्यात. निम्मे सांगली-मिरजेकडं, निम्मे तुमच्या साताऱ्याकडं. तू पाचव्या मजल्यावर ऱ्हातोस म्हणं. खाली वाकून बघ एकदा, आमचाच माळ असंल.

मेंढरं मृगाला माघारी आली. गवत बरं आलंय, पर पिठात घोळल्यागत पांढरं. मेंढरं शिंकत्यात. तुझं दाजी जबडं उघडून बघत्यात आन सोडून देत्यात. माती चावून दात झिजाय लागल्यात. चार वर्साची मेंढी म्हातारी दिसती. पलीकडं द्राक्षवाल्यांची बी तीच रड, पान धुवायला टँकर आणत्यात. चंडोल ह्या साली मी दोनदाच ऐकला. आधी सकाळी त्याच्या आवाजानं डोकं उठायचं.

कालच्या बैठकीत नाथाजी सगळ्यांदेखत म्हणला, “रंगूबाय, तुमच्या भावाच्या एका सहीनं गावाचा गळा कापला.” तो खडीवाल्याच्या विरोधात सगळ्यात पुढं हाय, तेव्हा त्याला बोलायचा अधिकार हाय. मी म्हणलं, “माझ्या भावाचं मी बघते.” म्हणलं खरं, पर खाली बघून म्हणलं. तुझ्यामुळं मला आयुष्यात पयल्यांदा खाली बघावं लागलं, हे ध्यानात ठेव.

समीक्षानं घरी आल्यावर एक गोष्ट विचारली. ती लिहीत न्हाई. पोरगी आगाऊ हाय, काय बी विचारती.

रंगू आक्का

१४ जुलै

मल्हार,

आज रागानं लिहीत न्हाई. सहज विचारायचंय.

ते यंत्र तू आमच्या घराच्या मातीच्या धाब्यावर, शिडी लावून, तीन दिवस ठेवलंस. हवा आत वढतंय आन आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसती, त्या कागदाचं वजन करत्यात, असं तू सांगितलेलं. बरोबर का? मग समज, यंत्राला कुणी हात लावला न्हाई. हात न्हाईच लावला. पर आजूबाजूला कुणी थोडं पाणी मारलं. थोडं म्हणजे चारपाच घागरी. तर फरक पडतोय का?

काय न्हाई, समीक्षाला कॉलेजात लागतंय. उलटटपाली कळव.

आक्का

१७ जुलै

मल्हार, बाळा,

समीक्षाच्या कॉलेजाचं खोटं हुतं. दोन रात्री जेवण गेलं न्हाई. आता सगळं लिहिते, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

तू यंत्र ठेवून गेलास. जाताना म्हणलास, “आक्का, लाखाची वस्तू हाय, हिला हात लावायचा न्हाई.” आन शिडी उतरताना हसून म्हणलास, “ह्याच्यावरच माझी नोकरी हाय.” हे तुझं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तासाभरात क्रशर चालू झाला. मी वर चढून बघितलं तर धाब्यावरची माती उडतीय आन तुझ्या यंत्रावर पांढरा थर चढलाय. म्हणलं, लेकाची लाखाची वस्तू आपल्या घरात येऊन खराब झाली तर साहेब त्याला उभं जाळतील. आन आल्यागेल्याला आपण धुळीत बसवतो का? आधी सडा मारतो, मग घोंगडं टाकतो. मी सबंध धाब्यावर सडा मारला. सकाळी, दुपारी, दिवस बुडताना. तीन दिवस.

एवढ्यावर ऱ्हायले असते तर बरं. दुपारी ऊन लय हुतं. चार मेखा रोवल्या आन तुझ्या यंत्राभवती माझं हिरवं लुगडं वलं करून बांधलं, उन्हाळ्यात पाण्याच्या माठाला बांधतो तसं. वाळलं की परत वलं. सकाळी तू कागद बदलायला यायच्या आधी सोडून ठेवायची, कारण तू वरडला असतास. हात म्हणून लावला न्हाई यंत्राला. देवाशप्पथ.

लुगडं संध्याकाळी पिळलं की गढूळ पाणी निघायचं. मी ते गुलाबाच्या झाडाला वतलं. आबाच्या छातीत जायची ती धूळ मी लुगड्यानं गाळली आन तुझ्या यंत्रानं सोनं लिहिलं.

त्या दिवशी समीक्षानं हेच विचारलं हुतं. “आई, मामाच्या यंत्राला तू लुगडं कशाला बांधलं हुतंस गं?” मी तिच्या अंगावर धावून गेले. आन तुला मी विकला गेलास म्हणले, खोटारडा म्हणले, दोन पत्रं भरून शिव्या घातल्या. मल्हार, आई गेली तवा तू सहा वर्सांचा. तुला मी वाढवलं, आन तुझ्यावर पयला संशय मीच घेतला. ह्याची लाज मला मरंस्तवर ऱ्हाणार.

आता माझं ठरलंय. २९ला मी उठणार आन सगळं सांगणार. लुगडं घेऊन जाते. माझी चूक हाय, भावाची न्हाई, परत मोजा. गाव हसंल, हसू दे. तुझ्यावरचा डाग तरी जाईल.

तुझी आक्का

सातारा
२१ जुलै

आक्का,

तुझी चारही पत्रं मिळाली. रोज उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

तू सुनावणीत उभी राहू नकोस. तू लुगड्याचं बोललीस की कंपनी तेच उचलून धरेल. गावकऱ्यांनी मुद्दाम यंत्रात ढवळाढवळ केली, असं लिहून घेतील आणि गावाचं बाकीचं सगळं म्हणणं त्याखाली गाडतील. मी अशा सहा सुनावण्या पाहिल्या आहेत.

आणि दुसरं. तुझी चूक नाही. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर काढला तर त्याच्या कडा ओलसर होत्या. फाल्गुनात, तुमच्याकडे! धाब्यावर पाणी मुरल्याचे डाग होते. चार मेखा तू काढायला विसरली होतीस. लुगडं खाली दोरीवर वाळत होतं. मी तुझा भाऊ आहे, मला कळायला किती वेळ लागणार? मी खाली उतरून तुझ्या हातचा चहा प्यायलो आणि काही बोललो नाही.

नियमानं ते तिन्ही दिवस रद्द करून पुन्हा मोजायला हवं होतं. मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, आकडा चांगला आलाय ना, मग कशाला हात लावतोस? मी हात लावला नाही. चराईचंही तेच. पावसाळा सोडून एका ऋतूत पाहणी केली की कागदाला पुरते. तेव्हा माळ रिकामा असतो, हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

पूजाला सातवा महिना आहे. नोकरी गेली तर या लायनीत मला दुसरं कोणी उभं करणार नाही. इथं खिडकी उघडली की समोरच्या बांधकामाची धूळ घरात येते. पूजा दिवसभर खिडक्या लावून बसते. मी धूळ मोजणारा माणूस, पण घरात यंत्र लावायची मला भीती वाटते.

तू मला खोटारडा म्हणालीस ते बरोबर होतं. आबांना काही सांगू नकोस. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

मल्हार

२५ जुलै

मल्हार,

पत्र पोचलं. चार येळा वाचलं.

आधी वाटलं, चला, माझ्या डोक्यावरचं वझं उतरलं. मग माझाच राग आला. तुझ्या डोक्यावर गेलेलं वझं उतरलं कसं म्हणायचं? आन मग तुझा राग आला, असा आला की पाटीभर शेण थापून टाकलं तरी हात थांबंनात. तुला माहीत हुतं! दोरीवर लुगडं बघितलंस, चहा प्यालास, “आक्का, आलं जास्त घातलंस” म्हणलास, आन कागद घेऊन गेलास. दहा दिवस मी उपाशी मरायला लागले तरी तू साताऱ्यात गप.

पूजाचं वाचलं आन परत जीव हलला. पयलं लेकरू. तिला म्हणावं, वल्ला कपडा लाव खिडकीला. बघ, मी परत तेच सांगतीय. आमाला दुसरं येतंय काय?

आबा आज माळापर्यंत चालत गेला. आधी बिडी संपायच्या आत जायचा, आज तीन जागी बसला. मला म्हणला, सुनावणीला मल्हारी ईल न्हवं? शिकलेला हाय, साहेबांच्या भाषेत सांगंल. मी म्हणलं, बघू. त्याला आणखी किती येळा बघू म्हणू?

तू ये. मी सांगून भागत न्हाई, हे तूच लिहिलंयस. तू स्वतः उभा ऱ्हायलास तर त्यात मान हाय. चार दिवस हायत. पूजाला घेऊन ये, नोकरीचं मग बघू, माझ्या घरात भाकरीला कमी न्हाई.

पत्र अजून फाडलेलं न्हाई. फाडते.

आक्का

२९ जुलै, संध्याकाळी

मल्हार,

दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मी सांगते. कुणी फोन केला असंल तर तो बाजूला ठेव आन हे वाच.

दहाला मांडव भरला. आबाला खुर्चीवर पुढं बसवला. त्यानं माझ्याकडं दोनदा वळून बघितलं आन मग रस्त्याकडं. साडेअकरापर्यंत मी बी रस्त्याकडंच बघत हुते. साताऱ्याकडनं आलेली यष्टी फाट्यावर थांबली, दोन बायका उतरल्या. तू न्हाईस.

नाथाजी बोलला, द्राक्षवाले बोलले. कंपनीचा टायवाला परत्येकाला एकच उत्तर देत हुता. “आपल्या भावना समजतो, पण शास्त्रीय अहवाल बघा, केंद्र तीन बघा.” केंद्र तीन, केंद्र तीन. दहादा म्हणला. आबा मला म्हणला, “रंगू, हे केंद्र तीन कुठं हाय गं?” मी म्हणलं, “आपलं घर.”

मग मी उठले. लुगडं हातात हुतं. सगळं सांगितलं, सडा, मेखा, माठ. माणसं हसली. बायका न्हाई हसल्या. आन मग तू लिहिलंस ते अक्षर न अक्षर झालं. टायवाला उठला आन म्हणला, “साहेब, याची नोंद घ्यावी. ग्रामस्थांनी मोजणीच्या यंत्रात हेतुपुरस्सर ढवळाढवळ केली. आमच्या अभियंत्याला याची कल्पना नव्हती. अशा लोकांच्या तक्रारींवर कितपत विश्वास ठेवायचा?” साहेबांनी पेन उचललं. नाथाजीनं डोक्याला हात लावला. आबा उठून उभा ऱ्हायला, काय तरी सांगायचं हुतं त्याला, पर नुसता खोकला आला. उभा ऱ्हाऊन खोकतोय, खोकतोय, आन टायवाला थांबून वाट बघतोय. चेहऱ्यावर अशी सभ्यता, की काय सांगू.

तुझं पत्र माझ्याजवळ हुतं. पोलक्यात ठेवलेलं. चार दिवस रोज चुलीपुढं न्हेलं आन माघारी आणलं.

मल्हार, मी ते वाचलं. माईकवर. पयल्या वळीपासनं तुझ्या नावापर्यंत. ‘मला माहीत होतं’ तिथं आले, तर समीक्षा येऊन शेजारी उभी ऱ्हायली. पूजाची वळ सोडली. ती एकच सोडली. बाकी फिल्टर, वल्ल्या कडा, वरिष्ठांचा फोन, पावसाळा सोडून केलेली पाहणी, सगळं वाचलं. तू फाड म्हणलं हुतंस, ते बी वाचलं.

कुणी हसलं न्हाई. टायवाला फोन घेऊन मांडवाबाहेर गेला. साहेबांनी पत्र मागून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं आन विचारलं, “हे अक्षर तुमच्या भावाचंच?” मी म्हणलं, व्हय. लेखी जबाब घेतला, माझी सही घेतली. मोजणी परत घ्यावी, पावसाळ्यात बी घ्यावी, असं वर लिहितो म्हणाले. वरचे काय करतील ते त्यांनाच ठाऊक. उद्या सकाळी डंपर सातलाच येणार.

आता तुझी नोकरी जाईल. मी घालवली. यंत्राला जपून घालवायला निघाले हुते, ते न्हाई जमलं, म्हणून तुझंच पत्र वाचून घालवली. तू म्हणशील आक्कानं विश्वासघात केला. केला. आबा तिथं खोकत उभा हुता आन माझ्याजवळ तुझं खरं बोलणं हुतं. मला दुसरं काय करता आलं न्हाई. परत येळ आली तर परत वाचीन, आन परत अशीच रडीन.

आबाला सगळं कळलं. घरी आला. उंबऱ्यात बसला, पाणी प्याला आन म्हणला, “लिवलं तर पोरानं खरंच.” मग म्हणला, “बोलायला यायला पायजे हुतं.” तेवढंच.

मूळ पत्र त्यांनी मला दिलं न्हाई. लाल धाग्याच्या फायलीत लावलं, वर शिक्का मारला. मी झेरॉक्स मागितली तर कारकून म्हणला अर्ज करा. मल्हार, इतक्या वर्सांत तू मला लिहिलेलं एकच पत्र, आन ते सरकारजमा झालं. आता तुझ्या अक्षराचा एक कागद माझ्या घरात न्हाई. शिव्या घालायच्या तर घाल, माझं तोंड बघायचं न्हाई म्हण, पर फोनवर नको. कागदावर लिही, मी ऱ्हाईन वाचत.

तुझी आक्का